मणेराजुरीच्या चौकातला फ्लेक्स

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परवा तासगावला जाताना मणेराजुरीच्या चौकात तुझा वाढदिवसाचा फ्लेक्स बघितला. 'भावी आमदार'. गॉगल शोभतोय. खाली शुभेच्छुकांची चाळीसेक तोंडं आहेत. त्यातल्या कुणाला तुझ्या जिल्हा परिषद गटात अंगणवाड्या किती आहेत ते सांगता येतं का, एकदा विचारून बघ. आधी स्वतःला विचार.

रागावू नकोस. आमदार व्हायचं तर काय करावं, हा सल्ला तूच मागितलास. मी काही आमदार झालो नाही. एका आमदारांच्या बैठकीत सतरा वर्षं पत्रं लिहीत बसलो, तेवढीच माझी शिदोरी.

सकाळी सातला दारात चपलांचा ढीग असायचा. कुणाचा विजेचा डीपी जळालेला, कुणाचा बांध कोरलेला, कुणाची निराधारची पगार बंद झालेली. यातलं एकही काम विधिमंडळाचं नाही, तरी ते करावंच लागतं. तिथंच माझ्या हातून घोळ झाला. एका संस्थेत शिपायाची एक जागा होती. जो येईल त्याला मी लेटरहेडवर 'योग्य तो विचार व्हावा' लिहून देत गेलो. पाच पत्रं गेली, पाचही आमच्याच सहीची. तिथल्या साहेबांनी ती टाचणी लावून एकत्रच परत पाठवली, वर एक ओळ: 'यातला नेमका कोण?' त्या दिवशी आमदार मला काही बोलले नाहीत. फक्त लेटरहेडचा गठ्ठा उचलून त्यांनी आपल्या कपाटात ठेवला. नाही म्हणायला शीक बाबा. पाच जणांना हो म्हटलं की चार जण आयुष्यभर शिव्या देतात, आणि पाचवा म्हणतो, माझं माझ्या गुणावर झालं.

आता मुंबईचं. सभागृहात ओरडणारा टीव्हीवर दिसतो, पण काम कागदावर होतं. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही विचारता येतात. मात्र 'म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी जतला कधी येणार?' असं विचारलंस, तर 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच हातात पडेल. त्यापेक्षा विचार: कुठल्या टप्प्यातले किती पंप बंद आहेत, कधीपासून? वीजबिलातला शासनाचा ८१ टक्के वाटा भरला का, शेतकऱ्यांच्या १९ टक्क्यांतले किती वसूल झाले? याला गोलमाल उत्तर देता येत नाही. पण असा प्रश्न लिहायचा तर पंपगृहावरच्या ऑपरेटरशी तुझी ओळख पाहिजे. फ्लेक्सवाल्याशी असून भागत नाही.

आपल्या विसापूरचे वि. स. पागे तुला माहीत आहेत का? नसतील. तुझ्या वयाच्या पोरांना आर. आर. आबा तेवढे आठवतात. तेही बरंच आहे म्हणा, आबा जिल्हा परिषदेतनं वर गेले आणि १९९० ला आमदार झाले. पण पागेंचं बघ. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. म्हणजे खुर्ची अशी, की बसून नुसतं 'शांतता राखा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या डोक्यात मात्र आपल्याकडची उन्हाळ्यात रिकामी बसणारी माणसं होती. मागेल त्याला काम, म्हणजे रोजगार हमी, ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी उतरवली आणि १९६५ ला तासगाव तालुक्यातच करून बघितली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामांवर माणसं जगली. तुझ्या आजीनं खडी फोडलीय, विचार तिला. पैसा कुठनं आणायचा, याचाही बंदोबस्त झाला: पगारातनं कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ ला आला तो यासाठीच. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पुढं २००५ ला देशाचा कायदा झाला तो याच वाटेनं.

पहिल्या प्रयोगापासून अंमलापर्यंत चौदा वर्षं गेली बघ. तू पाच वर्षांत मंत्री व्हायचं म्हणतोस.

मयतीला जा, सावडायला जा, ते चुकवू नकोस. लग्नातला फेटा टाळता आला तर टाळ. एका मुहूर्तावर अकरा लग्नं गाठताना आमच्या गाडीनं एकदा खड्डा चुकवला नाही आणि नवरदेवाच्या आधी आम्हीच दवाखान्यात. असो.

रविवारी ये. येताना जिल्हा परिषदेचं यंदाचं अंदाजपत्रक आण, आणि गटातल्या शाळाखोल्यांपैकी किती गळतात ते स्वतः फिरून लिहून आण. दुसऱ्याच्या वहीतलं उतरवलेलं मला कळतं. दुपारनंतर ये, सकाळी बागेत छाटणीची माणसं आहेत.

तुझा,
तात्या