मालवणजवळच्या छोट्या हॉटेलच्या स्पामध्ये सौना आणि स्टीम रूम करायची आहे, काय काळजी घ्यावी?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की 24 खोल्यांच्या तुमच्या हॉटेलात पहिल्या मजल्यावर 12 बाय 18 फुटांची जागा स्पासाठी ठेवली आहे, खाली रेस्टॉरंट आहे, आणि आर्किटेक्टने सौना आणि स्टीम रूम शेजारीशेजारी, दोन्ही संगमरवर आणि काचेत दाखवल्या आहेत. मी गेली सतरा वर्षं हीच कामं करतोय, बहुतेक गोवा, लोणावळा, महाबळेश्वर या भागात. ड्रॉइंग पाहिलेलं नाही, तरी एक गोष्ट आत्ताच सांगतो: या दोन खोल्या एकाच मटेरियलमध्ये होणार नाहीत. आर्किटेक्टकडे रंगीत थ्री-डी चित्रं मागण्याआधी भिंतीचा आणि छताचा सेक्शन, म्हणजे आतले थर दाखवणारा उभा छेद, मागा, आणि आत होणारी वाफ कुठे अडणार, तिचं झालेलं पाणी कुठून वाहून जाणार, ते त्यावर काढून घ्या.

सौना ही कोरडी भट्टी आहे. आत 80 ते 90 अंश असतात, पण हवा इतकी कोरडी की घाम आला की उडतो, म्हणूनच माणूस तिथे दहा-पंधरा मिनिटं बसू शकतो. स्टीम रूममध्ये जेमतेम 43 ते 46 अंश, पण हवा वाफेने गच्च. घाम उडतच नाही, त्यामुळे तेवढ्यातही जीव कासावीस होतो. सौनात लाकूडच हवं, कारण हलकं लाकूड त्या उष्णतेतही अंगाला चटका देत नाही. संगमरवराच्या बाकावर तिथे कुणी टेकूही शकणार नाही. स्टीम रूममध्ये उलट, लाकडाचं नाव काढू नका. ते काळं पडतं, मग कुजतं.

सौनासाठी बहुतेक मालक सागवानाचा आग्रह धरतात. आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे सागवान, हे मला समजतं. पण साग जड आणि तेलकट. लाकूड जितकं जड, तितकी त्याची उष्णता अंगाला जास्त लागते. बाकांना अबाची किंवा अ‍ॅस्पेन घ्या, भिंतींना स्प्रूस किंवा हेमलॉक चालतं. गाठी नसलेल्या फळ्या निवडून घ्या, गाठीतून राळ पाझरते आणि ती कातडीला चिकटते. आत पॉलिश किंवा व्हार्निश अजिबात नको, आणि प्लायवूड तर नकोच, गरम झाल्यावर त्याच्या गोंदाचा वास डोळ्यांत झोंबतो. सुताराला बजावून सांगा की बाकाचे स्क्रू खालून मारायचे. वर दिसणारा एक स्क्रूसुद्धा मांडीला डाग देतो.

लाकडाच्या मागे काय आहे ते लाकडापेक्षा महत्त्वाचं. आधी भिंत, मग रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, फॉइलचे सगळे जोड अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद, मग बोटभर हवेची पोकळी ठेवून फळ्या. स्वस्तात होतं म्हणून कुणी थर्माकोल सुचवेल तर त्याला तिथेच थांबवा, ते या तापमानाला मऊ पडून आक्रसतं.

हीटरचा हिशेब सोपा आहे, तो स्वतः करून पाहा. साधारण एका घनमीटरला एक किलोवॅट. तुमची सौना 2 मीटर बाय 2 मीटर आणि 2.1 मीटर उंच धरली तर 8.4 घनमीटर झाले. काच उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 1.2 घनमीटर जास्तीचे मोजतात. नुसता काचेचा दरवाजा असेल तर दहाच्या आसपास जाल, 9 किलोवॅटचा हीटर आरामात पुरेल. समोरची अख्खी भिंत काचेची केली तर साडेतेरा होतात आणि तोच हीटर धापा टाकायला लागतो. त्याला थ्री-फेज लागेल, प्रत्येक फेजवर साडेबारा अँपिअर, तेव्हा मंजूर लोड आत्ताच तपासा.

उंचीच्या बाबतीत हात आखडता घ्या. सात फुटांच्या वर छत नेलं की गरम हवा वर जाऊन बसते आणि पाहुण्याचे पाय गार राहतात. वरचा बाक छताच्या खाली साडेतीन फुटांवर. फिनलंडमध्ये जुना दंडक आहे की बसणाऱ्याची पावलं हीटरवरच्या दगडांपेक्षा वर असावीत. दगडांवर पळीभर पाणी टाकल्यावर जी वाफ उठते तिला ते ‘लोयलू’ म्हणतात, त्यांच्या दृष्टीने सौनाचा प्राण तोच. 2020 मध्ये युनेस्कोने त्यांच्या सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडेही हे अगदी परकं नाही, बरं का. चरकसंहितेत स्वेदनाचे तेरा प्रकार दिले आहेत, त्यातल्या जेंताक स्वेदाचं वर्णन वाचा: गोल कोठी, आत भिंतीला लागून ओटा, मधोमध भट्टी, तिच्यात खैरासारखं लाकूड जाळायचं आणि धूर निघून गेल्यावर आत शिरायचं. फिनलंडची धुराची सौना याहून फार वेगळी नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

सुरक्षेत तीन गोष्टींवर तडजोड करू नका. दरवाजा बाहेर उघडणारा हवा, कडी किंवा लॅच नको, नुसता ढकलला की उघडला पाहिजे. हीटरच्या वर हुक, खुंटी किंवा फळी लावू नका, कारण पाहुणे तिथे ओला टॉवेल वाळत टाकतात आणि आग लागते ती अशीच. आणि तापमान ‘जास्तीत जास्त किती’ याची जाहिरात करू नका. फिनलंडमधल्या हेइनोलात 110 अंशांच्या सौनात कोण जास्त वेळ बसतो अशी जागतिक स्पर्धा भरायची. 2010 च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि स्पर्धा कायमची बंद पडली. दारू प्यायलेले, गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, यांच्यासाठीची सूचना मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत दाराबाहेर लावा.

कोकणातली एक खास अडचण. पावसाळ्यात हॉटेल रिकामं असतं, सौना महिना-दोन महिने बंद राहते आणि हीटरची एलिमेंट्स हवेतली ओल ओढून घेतात. सप्टेंबरमध्ये बटण दाबलं की ब्रेकर पडतो. मग लोकल इलेक्ट्रिशियन परस्पर बायपास करून देतो. तसं करू देऊ नका. पाहुणे असोत-नसोत, आठवड्यातून दोनदा अर्धा तास सौना चालवायची असं रजिस्टरमध्येच लिहून ठेवा.

आता स्टीम रूम. खरे पैसे इथे बुडतात, आणि हे मी स्वतः पाहिलेलं आहे. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक घाटमाथ्यावरच्या हॉटेलात होतं. छत सपाट, जिप्समचं, वर सुंदर मोझेक. उद्घाटनाला सगळे खूश. आठ महिन्यांनी खालच्या खोलीच्या छतावर चहाच्या डागासारखा तपकिरी डाग उमटला. आम्ही मोझेकचा एक तुकडा उचकटला, तर मागचा बोर्ड भिजलेल्या पावासारखा बोटाने निघत होता आणि त्याच्या मागे काळी बुरशी. सगळं फोडून पुन्हा केलं. तेव्हापासून मी स्टीम रूममध्ये जिप्सम शिरू देत नाही. सिमेंट बोर्ड किंवा एक्सपीएसचा (टणक, पाणी न पिणाऱ्या फोमचा) टाइल-बॅकर बोर्ड, आणि जमीन, चारही भिंती, बाक, छत, सहाही बाजूंना वॉटरप्रूफिंग. लोक भिंती छातीपर्यंत करतात आणि थांबतात, पण वाफ छतात सर्वांत आधी शिरते. टाइलच्या सांध्यांत भरायचं ग्राउट इपॉक्सीच.

छताला ढाळ द्या, फुटाला दोन इंच, आणि तो बाकाच्या विरुद्ध भिंतीकडे. सपाट छतावर वाफेचं पाणी जमून थेंब धरतो आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या उघड्या खांद्यावर टपकन पडतो. तो दचकतो, सरकून बसतो, पुन्हा थेंब. पाच मिनिटांत उठून बाहेर. बाकालाही पुढच्या बाजूला थोडा ढाळ हवा, नाहीतर पुढचा पाहुणा आधीच्याच्या घामाच्या डबक्यात बसतो. नहाणी ट्रॅप बाकाजवळ घ्या, दारापाशी नको.

संगमरवर मी इथेही टाळेन. दगड उष्णता पितो, त्यामुळे जनरेटर, म्हणजे वाफ तयार करणारं यंत्र, एक नंबर मोठा घ्यावा लागतो, आणि क्षार काढायला अ‍ॅसिड मारलं की चकाकी कायमची जाते. मॅट पोर्सेलिन टाइल लावा, जमिनीला घसरणार नाही अशी. वाफेचं तोंड जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर, पण कुणाची पोटरी लागणार नाही अशा कोपऱ्यात.

शेवटी पाणी. 9 किलोवॅटचा जनरेटर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला साधारण 12 लिटर पाणी उकळतो. दिवसाला सहा तास धरा, 72 लिटर. तुमच्या बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला 400 मिलिग्रॅम निघाली तर रोज 29 ग्रॅम क्षार, महिन्याला पाऊण किलोहून जास्त. सगळा चिकटत नाही, काही फ्लशमधून जातो, पण जुन्या बंबाच्या तळाशी बसतो तसा पांढरा दगड एलिमेंटवर चढतो आणि ते जळतं. पाण्याची कठीणता काढणारा सॉफ्टनर बसवा. मात्र समुद्राकाठच्या बोअरला खारटपणा असेल तर सॉफ्टनर तो काढत नाही, आणि मीठ स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पाडतं. गोड्या विहिरीचं पाणी असेल तर ते जनरेटरसाठी वेगळं आणा. थेट आरओचं पाणी देण्याआधी उत्पादकाला विचारा, इलेक्ट्रोडवर चालणारे जनरेटर इतक्या शुद्ध पाण्यात चालतच नाहीत. बाहेर दिसणारं स्टील 316 ग्रेडचं घ्या, 304 तुमच्या हवेत लवकर डागाळतं.

जागेचं म्हणाल तर 18 फुटांच्या लांबीत आधी सौना, मग स्टीम, दोन्ही साडेसहा-साडेसहा फुटांच्या, आणि उरलेल्या पाच फुटांत जनरेटर आणि सॉफ्टनरची खोली, जिचा दरवाजा पाहुण्यांच्या बाजूला उघडणार नाही. समोरच्या साडेपाच फुटांत शॉवर आणि दोन आरामखुर्च्या. त्या खुर्च्या काढून तिसरी खोली, मसाजची, घालायचा मोह होईल, पण बाहेर आल्यावर टेकायला जागा नसेल तर लोकांना चक्कर येते.

टाइल लावण्यापूर्वी ट्रॅप बंद करून जमिनीत 72 तास पाणी भरून ठेवा आणि रोज खाली रेस्टॉरंटचं छत स्वतः बघा. पूर्ण झालेलं काम ताब्यात घेताना दोन्ही खोल्या पूर्ण तापवून तुम्ही स्वतः आत पंधरा मिनिटं बसा. पाय गार लागले, स्क्रू टोचला किंवा खांद्यावर थेंब पडला, तर ते दुरुस्त होईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.