दहापैकी झिरो आणि अम्माची छाट

मी समुपदेशक आहे. निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो, आणि गेली काही वर्षं त्यातले निम्मे फोन एकाच गोष्टीसाठी असतात. "मॅडम, पोरगं बारावीपर्यंत चांगलं होतं ओ, इंजिनिअरिंगला गेलं आणि त्या प्रोग्रामिंगमध्ये अडकलंय. रात्र रात्र लॅपटॉपसमोर असतंय पण मार्क काय येईनात." कधी बीसीएची मुलगी असते, कधी बीएस्सी कॉम्प्युटरचा मुलगा, कधी आईवडील फोन करतात, कधी मुलं स्वतः. या सेमला पण तेच ऐकलं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. खाली जो मुलगा आहे त्याला व्यंकटेश म्हणूया. नाव खरं नाही, आणि आणखी दोघातिघांच्या गोष्टी त्याच्यात मिसळल्यात, ओळख पटू नये म्हणून.

व्यंकटेश सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातला, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतला. घरात तेलुगु बोलतात, बाहेर मराठी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. दुसरं वर्ष, कॉम्प्युटर. जेवण सोडलं म्हणून आईच त्याला घेऊन आली, त्या दिवसाची विडी बुडवून, आणि आत न येता बाहेरच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"काय झालं रे?"

"झिरो आला."

"कशात?"

"सी भाषेची लॅब टेस्ट. दहा टेस्ट केस होत्या, दहाच्या दहा फेल." मग बराच वेळ खाली बघत बसला. "मला प्रोग्रामिंग जमतच नाही मॅडम. बारावीचे मार्क म्हणजे नुसती घोकंपट्टी होती. आता खरं काय ते बाहेर आलं."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. झिरोपेक्षा दुखणं त्या वाक्यात होतं हे तेव्हाच जाणवलं होतं, पण हात लगेच घातला नाही.

आधी मार्कांचं गणित समजून घेतलं, कारण मुलं घाबरलेली असली की सगळे मार्क एकाच ढिगात टाकतात. त्याच्या कॉलेजात विषयाला 100 मार्क, त्यातले 30 सेमिस्टर चालू असताना टेस्ट आणि असाइनमेंटचे, 70 शेवटच्या पेपरचे. टर्मवर्क वेगळं, म्हणजे जर्नल, सबमिशन, सरांची सही. आणि प्रॅक्टिकल-ओरल वेगळं, तिथं बाहेरचे एक्झामिनर समोर बसवून विचारतात. त्यात आता हे पोर्टल आलंय, तुमचा प्रोग्राम टाकला की मशीनच तो वेगवेगळे आकडे देऊन चालवून बघतं, त्या एकेका तपासणीला टेस्ट केस म्हणतात, आणि मार्क देतं. ज्या टेस्टचा झिरो होता ती त्या 30 मधल्या 5 मार्कांची. पाच मार्कांसाठी पोरगं तीन आठवडे अर्धपोटी झोपत होतं. पण हे मी त्याला असं तोडून सांगितलं नाही, "एवढ्याशासाठी काय" हे वाक्य त्यानं घरीदारी ऐकलेलं असणारच, आणि ते ऐकून आजवर एकाही मुलाला बरं वाटलेलं मी पाहिलेलं नाही.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, मला कोडिंग येत नाही, तो झिरो मिळालेला प्रोग्राम मला शिकव. आधी लाजला. मग माझ्याच पॅडवर चौकोन काढायला लागला. पाच चौकोनात पाच आकडे, एक आकडा किती वेळा आलाय ते मोजायचं. एक एक चौकोनावर पेन ठेवत "इथं आय झिरो आहे, आता एक झाला, आता हा जुळला म्हणून काउंट वाढवला" असं करत पाऊण तास गेला. आवाज बदलला होता, सरळ बसला होता, मधे मी चुकीचं बोलले तर "तसं नाही मॅडम" म्हणून मला थांबवलं पण. आणि मला खरंच समजलं! मी कॉमर्सची आहे, मला अ‍ॅरे म्हणजे काय, म्हणजे असे ओळीनं मांडलेले आकडे, ते त्या दिवशी कळलं.

"मग हे बरोबर आहे की सगळं. झिरो का?"

"प्रॉम्प्टमुळं."

मग त्यानं सांगितलं. जर्नलमध्ये प्रोग्राम लिहिताना आधी 'एंटर द नंबर' अशी ओळ स्क्रीनवर छापायची सवय लावलेली असते, ती नसली तर सर रागावतात, वापरणाऱ्याला कळणार कसं काय टाकायचं म्हणून. पोर्टलला मात्र ती ओळ चालत नाही. ते माणूस नाही, ते फक्त आलेलं उत्तर आणि त्याच्याकडचं उत्तर अक्षराला अक्षर लावून बघतं. उत्तर 3 हवं असेल आणि तुम्ही 'एंटर द नंबर 3' छापलं तर चूक. दहाही वेळा तेच होणार, म्हणून दहाही फेल. आतलं लॉजिक बघायला तिथं कोणी बसलेलंच नसतं.

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री. ती ओळ काढून घरी चालवला, सगळी उत्तरं बरोबर आली."

मी जराशी थांबलेच. म्हणजे तीन आठवडे या मुलाला माहीत होतं की प्रोग्राम बरोबर आहे आणि झिरो एका ओळीमुळं आलाय, तरी मनातलं "मला जमतच नाही" तसंच्या तसं होतं. मला इथं जे दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण पालक, शिक्षक, समुपदेशक सुद्धा, मुलाला कारण समजावून सांगत बसतो, अरे ह्यामुळं झालं, त्यामुळं झालं. कारण त्याला ठाऊक असतंच. त्यानं झिरो हा प्रोग्रामचा धरलेलाच नसतो, तो स्वतःचा धरलेला असतो, मग प्रोग्राम दुरुस्त करून काय होणार. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं काम करते, 1955 पासून त्यांनी जी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली आणि आपल्याकडं मराठीत कि. मो. फडके सरांनी जी रुजवली ती. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं हेच, की माणसाच्या कृतीला मार्क द्यावेत, माणसाला देऊ नयेत, चांगले सुद्धा देऊ नयेत. पण हे वाक्य व्यंकटेशला ऐकवून काही उपयोग नव्हता. त्याच्या घरातलं काहीतरी हवं होतं.

आणि ते बाहेर खुर्चीत बसलेलं होतं.

मी आईला आत बोलावलं. व्यंकटेशला आवडलं नाही ते, चेहऱ्यावर दिसलं.

"अक्का, दिवसाला किती विड्या होतात?"

"सातशे आठशे. हात चालला तर हजार."

"कारखान्यात नेल्या की सगळ्या घेतात?"

"कुठलं! चेकर बसतोय की. छाट काढतोय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वळून नेलेल्या विड्या चेकर हातात घेऊन बघतो आणि नापास विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. पान, तंबाखू, मेहनत सगळं लागलेलं असतं, पण छाट झालेल्या विडीचा पैसा मिळत नाही.

"काय बघून काढतो?"

आता ती बाई सावरून बसली. तोंड नीट दुमडलं नाही, पान फाटलं, तंबाखू कमी भरला, दोरा ढिला, बोटानं हवेतच विडी वळून दाखवत एक एक सांगायला लागली. मग म्हणाली, "एकजण तोंडच बघतोय. दुसरा बसला की लांबी मोजतोय. आज कोण बसणार हे कळलं की मी तसं पान कापते."

व्यंकटेशनं मान वर केली. "अम्मा, म्हणजे तू चेकर बघून वळतीस?"

"मग? त्याच्याकडनं पास करून घ्यायचंय ना."

"आणि छाट जास्त निघाली तर?"

"भांडते. काय बघून काढली दाखव म्हणते." मग हसून म्हणाली, "घरी येऊन शिव्या देते. तू ऐकलाय की."

तो हसला. तिसऱ्या भेटीत पहिल्यांदा. मी काही बोलले नाही, पाणी प्यायले, घड्याळाकडं पण बघितलं नाही. एखादा मिनिट गेला असेल, पण खोलीत तो मोठा वाटला. मग तो आपणहून म्हणाला, "अम्मा वीस वर्षं वळतीय. छाट रोज निघती. पण तिला विडी येत नाही असं कोण म्हणत नाही." आणि थोड्या वेळानं, हळू, "ती स्वतः पण म्हणत नाही."

इतकी वर्षं हे काम करतेय, अशी वेळ रोज येत नाही. मी नुसता प्रश्न विचारला होता, उत्तर त्या घरात कधीपासून होतं. पण तो प्रश्न त्या वेळी सुचला याचं मला आजही समाधान आहे, ते लपवत नाही.

त्यानंतर काम सोपं नव्हतं पण वाट सापडली होती. मी त्याला एक वही दिली. त्यानंच मला सांगितलं होतं की प्रोग्राम चुकला की कॉम्पायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर, कितव्या ओळीत चुकलंय ते सांगतो. मग म्हटलं, "मला जमतच नाही" या तुझ्या वाक्यात लाइन नंबर कुठाय? नसेल तर ती तक्रार घ्यायचीच नाही, परत पाठवायची. लाइन नंबर टाकून लिही. पहिल्या आठवड्यात त्यानं लिहिलं, "मला पॉइंटर येत नाहीत." म्हटलं अजून बारीक. पुढच्या आठवड्यात, "फंक्शनला अ‍ॅरे दिल्यावर आत त्याची साइझ चुकीची येते, का ते कळंना झालंय." हे वाक्य घेऊन सरांकडं जाता येतं. "सर मला काहीच येत नाही" घेऊन गेलं तर सर पण काय करणार, "प्रॅक्टिस कर" म्हणतात.

आता ज्या मुलांना हीच काळजी आहे त्यांच्याशी थोडं बोलते. आधी चेकर ओळखा. पोर्टलला उत्तर लागतं, शब्दाला शब्द, एक जास्तीची ओळ सुद्धा चालत नाही, आणि दाखवलेल्या केसेस सोडून लपवलेल्या पण असतात, तेव्हा रिकामा इनपुट, एकच आकडा, उणे आकडा, सगळे सारखे आकडे हे स्वतः टाकून बघा. कागदावरचा पेपर माणूस तपासतो, तिथं सेमीकोलन राहिला म्हणून सहसा सगळे मार्क जात नाहीत, पण कोरं सोडलं तर द्यायचे कशाला? अल्गोरिदम म्हणजे उत्तराच्या पायऱ्या लिहा, व्हेरिएबलची नावं कळतील अशी ठेवा, चौकोन काढून ड्राय रन दाखवा, म्हणजे कागदावरच एक एक पायरी चालवून. ओरलला एक्झामिनर बघतो की जर्नलमधला प्रोग्राम तुमचा आहे का. "ही ओळ काढली तर काय होईल" असं विचारतात, आणि मित्राकडून किंवा एआयकडून उतरवलेला असला की तिथंच फसतं. मित्राला आपला कोड देणाऱ्यांनी पण जपा, नुसती व्हेरिएबलची नावं बदललेली सारखेपणा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतात, तशी सॉफ्टवेअर कितीतरी वर्षांपासून आहेत, आणि मग बहुतेक ठिकाणी दोघांनाही झिरो. दिलेल्याला पण.

ग्रेडची भीती वाटत असेल तर कागद पेन घेऊन हिशोब करा, मनात करू नका. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ओ ला 10, ए प्लसला 9, असं उतरत उतरत पी म्हणजे नुसतं पासला 4, आणि एफ ला 0. समजा सेमला 20 क्रेडिट आहेत, क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन, प्रोग्रामिंगचे 3, आणि तिथं तुम्हाला ए च्या ऐवजी पी पडला. 4 पॉइंट कमी, गुणिले 3, म्हणजे 12, भागिले 20. एसजीपीए, म्हणजे त्या सेमची सरासरी, 0.6 नं उतरला. चार वर्षांच्या 160 क्रेडिटमध्ये तेच 12 टाका, सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी, 0.075 नं उतरतो. व्यंकटेशनं हे माझ्यासमोर तीनदा केलं, त्याचा विश्वासच बसेना. कॅम्पसला बऱ्याच कंपन्या सीजीपीएची एक रेघ ठेवतात आणि बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको म्हणतात हे खरं आहे, म्हणून पास होणं महत्त्वाचंच, मी ते हलकं करत नाही. पण एका ग्रेडनं आयुष्य गेलं असं जे रात्री दोनला वाटतं ना, ते या गणितात कुठंच सापडत नाही.

आणि भांडा. व्यंकटेशच्या आईसारखं, "काय बघून काढली दाखव." उत्तरपत्रिका बघणं हा तुमचा हक्क आहे, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं माहिती अधिकारात तो मान्य केलाय. विद्यापीठाकडून फोटोकॉपी मागवता येते, नंतर पुनर्मूल्यांकन, फक्त मुदत थोडी असते, निकाल लागला त्याच दिवशी ती बघून ठेवा. मार्क वाढो न वाढो, कुठल्या प्रश्नाला किती आणि का हे डोळ्यांनी बघितलं की तो आकडा आपल्यापासून सुटा होतो, निदान माझ्याकडं आलेल्या मुलांचा तरी झालाय.

पालकांना एकच विनंती. "किती पडले" च्या आधी "कशात गेले" विचारा, आणि ते समजत नसेल तर मुलाला शिकवायला सांगा. तुम्हाला अ‍ॅरे कळला नाही तरी चालेल.

व्यंकटेश आता तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोग्रामिंगला शेवटी बी आला. मधे पोर्टलचा एक स्क्रीनशॉट पाठवला होता, दहापैकी सात पास, आणि खाली लिहिलं होतं, "3 छाट. काय बघून काढल्या ते शोधालोय." गणिताचा एक पेपर अजून राहिलाय, त्याची फोटोकॉपी मागवलीय, ती आली की तो अम्माला पण घेऊन येणार म्हणतोय.