‘निष्क्रिय’ म्हणू नका, ‘इतररंजी’ म्हणा

प्रश्न असा आहे: ‘फळमाशीच्या हेटेरोक्रोमॅटिनमधील अत्यावश्यक जनुके’ ही शब्दयोजना परस्परविरोधी नाही का? हेटेरोक्रोमॅटिन म्हणजे गुणसूत्रांचा ‘निष्क्रिय’ भाग. मग तिथे अत्यावश्यक जनुक कसं? आणि मराठीत ‘निष्क्रिय’ की ‘विषमरंजी’, यांतलं काय लिहावं?

दोन्ही नको. विरोध दिसतो तो फक्त ‘निष्क्रिय’ या भाषांतरामुळे, आणि हे भाषांतर अजून किती वर्षं गिरवलं जाणार आहे कोण जाणे! वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल हाइट्झ यांनी १९२८ साली मॉस वनस्पतींच्या पेशींत पाहिलं की पेशीविभाजन आटोपल्यावरही गुणसूत्रांचे काही भाग उकलत नाहीत, गडदच राहतात. त्यांना त्यांनी हेटेरोक्रोमॅटिन म्हटलं. उकलून फिकट होतं ते युक्रोमॅटिन. नावात एवढीच रंगाची गोष्ट आहे. गडद भाग जनुकांच्या दृष्टीने थंड असावा, हा हाइट्झ यांचा तर्क होता. आपण त्या तर्कालाच शब्दार्थ करून टाकलं.

आता खरी मजा. ग्रीक ‘हेटेरोस’ म्हणजे मुळात ‘वेगळा’ नव्हे, ‘दोहोंपैकी दुसरा’. त्यातला ‘-तेरोस’ हा संस्कृत ‘-तर’चा सख्खा भाऊ: कतर, अन्यतर, इतर. दोघांत निवड असली की हा प्रत्यय येतो. उरलेल्या ‘हे-’चं मूळ ‘एक’ या अर्थाचं. ग्रीकमध्ये आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होतो (सप्त – हेप्टा, सम – होमोस), म्हणून हा ‘हे-’ संस्कृत ‘सकृत्’ (एकदा) मधल्या ‘स’चा नातलग ठरतो. म्हणजे हेटेरोस अक्षरशः ‘एकतर’! शिवाय ‘सम’ही याच कुळातला. होमो आणि हेटेरो ही जोडी आपण हाडवैरी समजतो, पण दोघांची पहिली अक्षरं एकाच घरची. ‘विषमरंजी’ लिहिणारे त्याच ‘सम’ला ‘वि’ जोडून मूळ शब्दात नसलेला नकार आत घुसवतात. परिभाषा ठरवताना इतकं तरी बघायला हवं होतं. माझा शब्द ‘इतररंजी’. मराठीत ‘इतर’ला ‘बाकीचे’ अशी छटा आली आहे, पण ती इथे आड येत नाही. युक्रोमॅटिनला ‘सुरंजी’ म्हणावं, कारण ग्रीक ‘यु-’ आणि आपला ‘सु-’ही एकाच कुळातले.

माशीकडे वळू. ड्रॉसोफिला या फळमाशीच्या जनुकसंचाचा सुमारे एक तृतीयांश भाग इतररंजी आहे. दुसऱ्या गुणसूत्रावर सेंट्रोमिअरच्या (गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे जुळतात त्या जागेच्या) डाव्या अंगाला, एच-३५ पट्ट्यात, ‘लाइट’ जनुक आहे. उजव्या अंगाला एच-४१ मध्ये ‘रोल्ड’, जे एमएपी कायनेज हे पेशीत संदेश पुढे नेणारं प्रथिन बनवतं. नावं डोळ्यांच्या फिक्या रंगावरून आणि वळलेल्या पंखांवरून पडली, पण यांपैकी एकही पूर्ण गेलं तर माशी प्रौढ होत नाही. ‘व्हाइट’सारखं डोळ्याच्या रंगाचं सुरंजी जनुक इतररंजी भागाशेजारी आलं की काही पेशींत बंद पडतं आणि डोळा ठिपकेदार होतो, हे जनुकशास्त्रज्ञ मुलर यांनी १९३० साली दाखवलं. ‘लाइट’चं नेमकं उलट: ते सुरंजी भागात नेलं की बिघडतं, आणि इतररंजी भागाला चिकटून राहणारं एचपी-१ प्रथिन कमी केलं की आणखी बिघडतं. ज्याला नीट चालायला हीच जागा लागते, त्या जागेला निष्क्रिय म्हणायचं?

‘अत्यावश्यक’चा अर्थही ‘महत्त्वाचं’ असा घेऊ नका. वाय गुणसूत्रावरची केएल जनुकं नसलेला नर जगतो, फक्त वंध्य असतो; म्हणून ती प्रजननक्षमतेची जनुकं, अत्यावश्यक नव्हेत. कसोटी अशी: उत्परिवर्तित गुणसूत्र आणि तोच तुकडा गळालेलं गुणसूत्र, दोन्ही ‘कर्ली’ बॅलन्सरसमोर (जोडीदाराशी तुकड्यांची अदलाबदल होऊ न देणारं आणि पंख वाकडे करून ओळख देणारं गुणसूत्र) ठेवून संकर करा. दोन बॅलन्सर एकत्र आले की माशी मरते, म्हणून उरलेल्यांत सरळ पंखांच्या एक तृतीयांश हव्यात. एकही नसेल, तर जनुक अत्यावश्यक. उत्परिवर्तित गुणसूत्राची स्वतःशीच जोडी लावून निष्कर्ष काढू नका. रसायनाने घडवलेल्या उत्परिवर्तनात त्याच गुणसूत्रावर दुसरीकडे आणखी एखादा घातक बदल असू शकतो. आणि तुकडा गळाला आहे की नाही हे लाळग्रंथींच्या जाड गुणसूत्रांवर शोधू नका. तिथे इतररंजी भागाच्या पुरेशा प्रती होतच नाहीत, तो क्रोमोसेंटर नावाच्या एकाच गाठीत गोळा होऊन बसतो. त्यासाठी अळीच्या मेंदूतली विभाजन पावणारी गुणसूत्रंच रंगवावी लागतात.