मालवणला स्कूबा केलंय, पोहता येत नाही. बालीच्या तुलांबेनला बुडालेलं जहाज बघता येईल का?

येईल, पण वरवरचं. मी मालवणचाच, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

तुम्ही इथे केलंत त्यात बोटीवरून पाण्यात उतरायचं, गाइड मागून टाकी धरून असतो, जॅकेटात हवा भरणं-सोडणं तोच बघतो. तुमचं काम तोंडाने श्वास घेणं आणि व्हिडिओत हसणं.

तुलांबेनला जहाजासाठी बोट लागत नाही, किनाऱ्यावरून चालतच आत शिरायचं. आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याचा किनारा हा. वाळू काळी, आणि पाण्याच्या कडेला लाव्ह्याचे गुळगुळीत गोटे. टाक्या गावातल्या बायका डोक्यावरून आणून देतात, पण पुढे त्या तुमच्याच पाठीवर, वर कमरेला वजनाचं शिसं. लाट मागे ओढली की पायाखालचे गोटे खडखडत घरंगळतात आणि भलेभले बसकण मारतात. जाड तळव्याचे बूट हवेतच; फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच चढवा.

जहाजाचं नाव लिबर्टी, अमेरिकन मालवाहू. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, तेव्हा ओढत आणून इथल्या किनाऱ्यावर चढवलं. वीसेक वर्षं ते तिथेच पडून होतं. १९६३ ला आगुंग फुटला आणि त्या हादऱ्यांत ते घसरून पाण्यात गेलं. म्हणून ते काठाला इतकं लागून आहे: वरचा भाग साधारण ५ मीटरवर, खालचा ३० च्या आसपास.

बिनाकोर्सवाल्याला १२ मीटरपर्यंतच नेतात. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला की १८, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड केला की ३०. माझं ऐकाल तर आधी पोहायला शिका (कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, वेळेची घाई नसते) आणि कोर्स इथेच करा. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात सगळं बंद, ऑक्टोबरनंतर या. आमचं पाणी बरेचदा गढूळ असतं, पण शिकायला ते वाईट नाही.

बालीत बातूर ज्वालामुखीचा पहाटेचा ट्रेक ठरवला असेल तर तो डाइव्हच्या आधी उरका. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलात तर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी जिवावरही बेततं. विमानालाही निदान १८ तास जाऊ द्या. इथे डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणाऱ्यांनाही मी हेच सांगतो, ऐकतं कोण!