खानापूरहून बेळगावला इंजिनिअरिंगला जातो, मेकॅनिकल तिसरं वर्ष. इस्रोत इंटर्नशिप मिळेल का, की ओळख लागते?

ओळख नको, कॉलेजचं शिफारसपत्र हवं. इस्रोच्या योजनेत किमान ६० टक्के किंवा ६.३२ सीजीपीए मागतात, इंटर्नशिप जास्तीत जास्त ४५ दिवसांची असते. मानधन मिळत नाही, हे घरी आधीच सांगून ठेव. उपग्रह बंगळूरच्या यू. आर. राव केंद्रात तयार होतात. तू मेकॅनिकलचा, तेव्हा अर्जात रचना, कंपन, उष्णता नियंत्रण यांपैकी एकच विषय धर. 'अवकाशात आवड आहे' एवढ्यावर कोण विचारणार? राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीत पोचशील, पण मुक्कामाचा खर्च मोठा.

फक्त इस्रोच्या नावाला भुलू नकोस मात्र. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे, दोन्ही उन्हाळी संशोधनासाठी विद्यार्थी घेतात. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या भागात एनसीआरएच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. एवढं धूड वाऱ्यात स्थिर ठेवून हळूहळू फिरवायचं, हा मेकॅनिकलवाल्याचाच खेळ. आणि तिथे आपली मराठी चालते!

अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी निघतात. दिवाळीनंतर संकेतस्थळं बघायला लाग, परीक्षा संपायची वाट बघू नकोस.