हाडाचा कॅन्सर झालेल्या आठ वर्षांच्या कुत्र्याचा पाय काढावा का?

तुमच्या जर्मन शेफर्डच्या मागच्या पायात, गुडघ्याच्या जरा वर, हाडाचा कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात पाय काढू आणि मग किमो देऊ. आई म्हणतात, या वयात त्या मुक्या जिवाचे हाल कशाला. आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, तीन पायांचा कुत्रा सांभाळायचा कसा.

माझं उत्तर असं : छातीचे एक्स-रे स्वच्छ असतील, म्हणजे कॅन्सर फुप्फुसांत पसरलेला दिसत नसेल, आणि उरलेले तीन पाय धड असतील, तर पाय काढा. सांभाळता येतो. आम्ही सहकारनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्याकडेही लिफ्ट नाही. आमची काजू लॅब्रेडॉर होती. तिचा पुढचा डावा पाय याच आजारात काढला होता.

किमोचं मात्र त्याच बैठकीत ठरवू नका. पाय काढायचा तो दुखणं थांबवण्यासाठी, किमो द्यायची ती आयुष्य थोडं लांबवण्यासाठी. पाय काढून किमो न देणं हासुद्धा एक प्रामाणिक निर्णय आहे, पुष्कळ लोक तो घेतात. आमच्या घरी हे दोन विषय वेगळे केले तेव्हा कुठे चर्चा पुढे सरकली. तोपर्यंत सासूबाई किमोला नाही म्हणत होत्या आणि आम्हाला वाटत होतं की त्या ऑपरेशनलाच नाही म्हणतायत.

आधी आजच्या दिवसाचं. हा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा, हाड आतून पोखरतो. एक्स-रेमध्ये ते हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसतं. पलंगावरून मारलेल्या साध्या उडीने किंवा जिन्यावर पाय घसरल्याने ते मोडू शकतं, आणि मोडलं तर सहसा जुळत नाही. म्हणून ऑपरेशनपर्यंत उड्या बंद, गॅलरीतून भुंकायला धावणं बंद, आणि जिना फक्त शी-शूसाठी, तोही पोटाखाली पट्टा धरून. दुखण्याचं औषध आजच मागून घ्या. कुत्रा विव्हळत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं धरू नका. जेवण अर्धं सोडणं, रात्री जागा बदलत राहणं, विश्रांतीतही धापा टाकणं, नेहमीच्या माणसाने हात लावल्यावर अंग चोरणं, ही सगळी दुखण्याचीच लक्षणं आहेत. सहसा मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात, जोडीला गॅबापेंटिन. माणसांच्या गोळ्या मात्र एकदाही नाहीत. कॉम्बिफ्लॅममधलं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. तो आधीपासून स्टिरॉइडवर असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण स्टिरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र चालत नाहीत.

पाय वाचवता येत नाही का, असं आम्हीही विचारलं होतं. काही ठिकाणच्या गाठींसाठी परदेशात पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रिया होतात, पण त्यात जंतुसंसर्ग आणि गुंतागुंत बरीच, आणि गुडघ्याजवळच्या गाठीला तो मार्ग सहसा बसत नाही. तुमच्या कुत्र्याचा पाय खुब्यातून किंवा मांडीच्या वरच्या भागातून काढतील. कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यामुळे मागचा पाय गेलेला कुत्रा तोल लवकर सावरतो. काजूचा पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढला होता, तिला शिकायला जास्त वेळ लागला. तरी शिकली.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत घाई करू नका. छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढायला सांगा, डावी कूस, उजवी कूस आणि सरळ, कारण लहान डाग एका बाजूने दिसतो आणि दुसऱ्या बाजूने लपतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम किती आहे ते पाहा. ते वाढलेलं असेल तर आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते, आणि किमोचं ठरवताना ही माहिती लागते. जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा जन्मतः सैल असण्याचा त्रास पुष्कळदा असतो. तेव्हा दुसऱ्या मागच्या पायाचा खुबा आणि गुडघा सर्जनने हाताने तपासून आणि एक्स-रेवर पाहूनच हो म्हणावं. उरलेला पाय साथ देणार नसेल तर माझं उत्तर बदलेल.

आणि गोचीड ताप. आपल्याकडे गोचीड बारमाही, त्यामुळे वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याच्याही प्लेटलेट कमी निघतात. अशा अवस्थेत पाय काढणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. ही तपासणी होऊ द्या. काजूच्या प्लेटलेट कमी आल्या म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, आधी औषध दिलं. ते दिवस आम्हाला फार जड गेले, पण तो निर्णय बरोबर होता. आणि काढलेल्या पायातल्या गाठीचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, जाईल ना, हे आधीच विचारा. किमो द्यायची की नाही ते त्या रिपोर्टवर ठरतं.

आता घरचं, कारण खरी कसोटी तिथे आहे. पुण्यातल्या बहुतेक घरांत गुळगुळीत टाइल्स असतात. तीन पायांच्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापेक्षा तुमच्या हॉलची फरशी जास्त त्रास देईल. एकदा सपशेल पडला की तो चालायलाच घाबरतो. ऑपरेशनला नेण्याआधीच त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी पाठीच्या मॅट किंवा योगा मॅट सलग अंथरा. मधे एका पावलाचीही मोकळी फरशी नको. सतरंज्या आणि चटया सरकतात, त्या नकोत. पंजांच्या गाद्यांमधले केस कापून घ्या, नखं छोटी ठेवा. पाण्याचं भांडं थोडं उंचावर, न हलणाऱ्या स्टुलावर ठेवा.

त्याला पहिल्यांदा पाहाल तेव्हा मन घट्ट करा. अर्धं अंग भादरलेलं, लांब टाके, काळी-निळी त्वचा. पहिल्या काही दिवसांत ती सूज आणि निळेपणा खाली पोटाकडे उतरतो, ते बघून घाबरायला होतं, पण बहुतेक वेळा तो नुसता साचलेला द्राव असतो. जखमेतून पू आला, वास आला, किंवा भाग गरम आणि घट्ट लागला तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि लगेच दवाखाना गाठा. शी तीन-चार दिवस झाली नाही तरी गोंधळून जाऊ नका. भूल आणि वेदनेची औषधं आतडी मंदावतात. शू मात्र व्हायलाच हवी. नर कुत्रा आहे, तेव्हा शू करताना सुरुवातीला तोल जाईल. पोटाखालून टर्किश टॉवेल धरा, तो स्वतःची पद्धत शोधेल.

रात्री तो अचानक किंचाळून उठेल, नसलेल्या पायाकडे वळून चाटायला बघेल. कापलेल्या नसांमुळे असं होऊ शकतं. डॉक्टरांना कळवा, त्यासाठी गॅबापेंटिनची मात्रा ते वाढवतात. काजूच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं आळीपाळीने तिच्याजवळ जमिनीवर झोपलो. जवळ माणसाचा हात असला की ती लवकर शांत व्हायची. टाके निघेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो शंकूसारखा कोन काढू नका. केविलवाणा चेहरा करेल, तरी नाही.

जिन्याबद्दल. मागचा भाग उचलून धरणारा, मुठीचा पट्टा मिळतो, तो घ्या. नसेल तर जुनी सुती साडी चौपदरी घडी घालून पोटाखालून धरली तरी काम होतं. जर्मन शेफर्डसारखा जड कुत्रा तीन मजले उचलून नेण्याचा हट्ट करू नका, तुमची कंबर जाईल आणि तो हातातून सुटला तर जास्त वाईट. जखम भरेपर्यंत गॅलरीत मातीचा किंवा हिरवळीचा ट्रे ठेवून शू तिथे करायची सवय लावता येते, आणि ती ऑपरेशनच्या आधी लावलेली बरी. पुढे तो जिना स्वतः चढेल. उतरताना मात्र पट्टा नेहमी हातात ठेवा, कारण उतरताना सगळं वजन पुढे येतं.

किमो म्हटलं की आपल्याला घरातलं एखादं माणूस आठवतं, ते दिवस आठवतात. तुमच्या आईंच्या मनात बहुधा तेच आहे आणि त्यांचं काही चुकत नाही. पण कुत्र्यांना देतात ती मात्रा कमी त्रास देणारी ठेवतात, कारण तिथला उद्देश जितके दिवस आहेत ते चांगले जावेत एवढाच असतो. बहुधा कार्बोप्लॅटिन देतात, शिरेतून, दर तीन आठवड्यांनी, एकूण चार ते सहा डोस. प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी. केस बहुतेक जातींचे गळत नाहीत. फार तर मिशा जातात आणि भादरलेल्या जागचे केस उशिरा येतात. पहिल्या काही दिवसांत मळमळ, जुलाब होऊ शकतात, त्यासाठीची औषधं आधीच घरात आणून ठेवा. जास्त लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या आठवड्यात, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. एक डिजिटल थर्मामीटर फक्त त्याच्यासाठी ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३च्या वर गेलं आणि तो मलूल असेल तर सकाळची वाट बघू नका. किमोनंतरचे दोन-तीन दिवस शी, शू, उलटी हातमोजे घालून साफ करा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम अजिबात करू नये.

पुण्यात पाय काढणारे सर्जन आहेत, त्यात अडचण येणार नाही. कॅन्सरबद्दल दुसरं मत हवं असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आपल्या जवळ सातारा रस्त्यावर शिरवळचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय. फाइल आणि एक्स-रे आधी दाखवून मगच त्याला इतक्या लांब न्यायचं का ते ठरवा.

खाण्यात फार प्रयोग नकोत. हळद-मधाचं चाटण, कुणाच्या ओळखीतली पावडर, इंटरनेटवरचे काढे, हे किमोच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कच्चं मांस आणि कच्ची अंडी या काळात बंद. वजन मात्र रोखून धरा. तीन पायांवर दोन किलो जास्तीचे फार असतात. आमच्याकडे काजूला प्रत्येक जण मायेने पोळीचा तुकडा द्यायचा, शेवटी सगळ्यांचे तुकडे एका डब्यात ठेवायचे आणि तेवढेच दिवसभरात द्यायचे असं ठरवलं.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो तुम्हाला आधीच माहीत असायला हवा. हा कॅन्सर सापडतो तेव्हा एक्स-रेवर काही दिसत नसलं तरी सुमारे ९० टक्के कुत्र्यांत त्याच्या सूक्ष्म पेशी आधीच पसरलेल्या असतात, बहुधा फुप्फुसांत. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात. सोबत किमो दिली तर दहा महिने ते वर्षभर, आणि पाचातला एखादा कुत्रा दोन वर्षं ओलांडतो. हे महिने मधले आकडे आहेत, म्हणजे निम्मे कुत्रे त्याहून कमी जगतात आणि निम्मे जास्त, तुमच्या कुत्र्याचे दिवस यातून कळणार नाहीत. दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढत राहायचं. काजूला एक दिवाळी आणि पुढचा सगळा उन्हाळा मिळाला. त्यातले बहुतेक दिवस ती तळजाई टेकडीवर सकाळी फिरली, हळू आणि मधे मधे बसत. पावसाळ्यात फुप्फुसांत पसरलं. तेव्हा आम्ही उपचार थांबवले, आणि श्वास घेणं तिला जड जायला लागल्यावर डॉक्टरांना घरी बोलावून तिला शांतपणे जाऊ दिलं. तुम्हीही डॉक्टर घरी येतात का हे आत्ताच विचारून ठेवा. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या दिवशी ही धावपळ नको.

आईंसाठी एक करा. तुमच्या सर्जनला विचारा की त्यांनी पाय काढलेला एखादा कुत्रा पुण्यात कुठे आहे, आणि त्याचे मालक भेटतील का. बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात. आम्ही वारज्याच्या एका घरी गेलो होतो, सासूबाईंना घेऊन. तो कुत्रा तीन पायांवर दारापर्यंत धावत आला आणि त्यांच्या पिशवीत नाक घालून बिस्किटं शोधायला लागला. परत येताना रिक्षात त्यांनीच ऑपरेशनची तारीख विचारली. तारीख नक्की करण्याआधी अशी एक भेट जमवा, आणि आईंना सोबत न्याच.