बुधवारची मैफल आणि चुकलेली टाळी

प्रश्न : नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून परदेशात एकटी राहते आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताची गोडी मला इथे आल्यावरच लागली. गेल्या महिन्यात एका बुधवारी मी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना, ऐकायला गेले होते. तिचा तिसरा भाग इतक्या जल्लोषात संपला की मी न राहवून टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिले. मी फार ओशाळले. घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजून गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर डोळे मिटत होते. पुन्हा जावेसे वाटते, पण धीर होत नाही. यापुढे शनिवारीच जावे का? – एक वाचक

उत्तर : शनिवारची वाट पाहू नका. परक्या देशात आठवडाभर घर आणि काम एवढ्याच दोन टोकांमध्ये दिवस जातात, आणि अशा वेळी बुधवारची एक संध्याकाळ स्वतःची असणे ही चैन नव्हे, असे मी मनापासून म्हणेन. जागरणाचा प्रश्न मात्र खरा आहे. तिकीट काढण्यापूर्वी कार्यक्रम किती वेळाचा आहे आणि मध्यंतर आहे की नाही हे पाहा, परतीची शेवटची गाडी आधीच ठरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची महत्त्वाची बैठक ठेवू नका. कामावरून थेट जाणार असाल, तर हाताशी वेळ राखून निघा. उशीर झाल्यास बहुतेक सभागृहांत दोन रचनांच्या मधली जागा येईपर्यंत दाराबाहेर थांबावे लागते.

एकटे असण्याचा इथे उलट फायदाच होतो, कारण सगळी तिकिटे संपलेल्या कार्यक्रमातही एखादी सुटी खुर्ची शेवटच्या क्षणी मोकळी होते. उभ्याने ऐकण्याची सोय असेल तर तीही वापरून पाहा. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरा या संगीतनाट्यगृहात उभ्या श्रोत्यांसाठी चारशेहून अधिक जागा आहेत आणि आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधून ती राखून ठेवण्याची पद्धत तिथे वर्षानुवर्षे होती. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाची सुरुवात १८९५ साली झाली, ती सर्वसामान्यांना अशा कमी दराच्या उभ्या जागा देऊनच, आणि त्या आजही मिळतात.

आता टाळ्यांविषयी. ज्याची तुम्हाला लाज वाटली, ती सिंफनीच्या मध्येच टाळ्या वाजवण्याची एकेकाळची रीतच होती. संगीतकार मोत्सार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या नव्या सिंफनीच्या पहिल्या भागातली एक सुरावट श्रोत्यांना नक्की आवडणार हे ठाऊक असल्याने ती शेवटी पुन्हा घेतली आणि तिला भरभरून टाळ्या मिळाल्या, असे आनंदाने कळवले आहे. दोन भागांच्या मध्ये शांत बसण्याचा शिष्टाचार बऱ्याच नंतरचा आहे. तो पाळावा, कारण त्यामुळे शेजारच्याचे ऐकणे मोडत नाही. पण तो मोडला म्हणून श्रोता अडाणी ठरत नाही.

तुमचे वर्णन वाचून मला वाटते की तुम्ही रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी ऐकली असावी. १८९३ साली तिचा पहिला प्रयोग त्याने स्वतः संचालित केला आणि त्यानंतर नऊच दिवसांत तो गेला. तिचा तिसरा भाग अशा विजयी गजरात संपतो की जगभरातल्या सभागृहांत तिथे हमखास टाळ्या पडतात. खरा शेवट त्यानंतरच्या संथ भागात आहे : एकेक वाद्य मागे सरत जाते आणि अखेरीस चेलो आणि डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यांचा खोल, विझत जाणारा स्वर तेवढा उरतो. तो थांबला तरी वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात काही क्षण वरच असतात. पुढच्या वेळी त्या हातांकडे लक्ष ठेवा आणि ते खाली आल्यावर मनसोक्त टाळ्या वाजवा.